सुईग्वान अजून जेवतोय

बोंगचीचा नवरा मरून चाळीसेक वर्षं झाली, पण त्याचं जेवण काही संपत नव्हतं.

खामतेंगच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. सणावाराला पितरांना पानं वाढायची, उदबत्त्या अर्ध्याअधिक जळू द्यायच्या आणि मग कौल लावून विचारायचं, झालं का जेवून? लाकडाच्या दोन चंद्रकोरी, एक अंग सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकल्यावर एक उताणी, एक पालथी पडली की हो. मग पानं उचलायची, कागदी नोटा जाळायच्या आणि घरच्यांनी जेवायला बसायचं. दोन्ही पालथ्या पडल्या तर नाही. दोन्ही उताण्या पडल्या तर पितर नुसतेच हसताहेत, पुन्हा विचारा. बोंगचीची सासू पहिल्याच फटक्यात हो म्हणायची. जिवंतपणीही ती बाई भराभर गिळून उठायची. सासरा जरा आढेवेढे घ्यायचा. नवरा मात्र कधीच हो म्हणाला नाही. नाही, नाही, नाही, नाहीतर हसतोय.

"सुईग्वान अजून जेवतोय," असं म्हणून बोंगची शेवटी सासूच्या होकारावर सगळ्यांची पानं उचलायची.

"तुझ्या हातचं सोडवत नसेल गं त्याला!" शेजारणी म्हणायच्या. बोंगचीही हसायची. पण सगळ्या गेल्यावर तिला त्या पानाकडे बघवायचं नाही. त्याच्या भाताची वाफ बाकीच्या भातांपेक्षा आधी मरते, असं तिला पहिल्या वर्षीच वाटलं होतं. नंतर तिने त्या पानाकडे निरखून बघणंच सोडलं.

तिचं नावही तसलंच. मुलगा हवा असताना ही झाली, म्हणून बापाने 'असू दे, वाढवू या आता' अशा अर्थाचं बोंगची हे नाव ठेवलं. आपल्याकडे नकोशी असते, त्यातलाच प्रकार. लहानपणी खाणीबाहेर कोळशातले दगड निवडले, मग खाणीतल्या सुईग्वानशी लग्न झालं. खाणीचं छप्पर कोसळून तो गेला तेव्हा मुलगी पोटात होती. तेव्हापासून ती उंडे करून विकत आली. चिकट तांदळाच्या पिठात डोंगरातला हिरवा पाला कुटून घालायचा, आत वाळवलेल्या मुळ्याचा तिखट कीस भरायचा, पानावर ठेवून वाफवायचं. खाण होती तोवर खाणकाम्यांनी खाल्ले. खाण बंद पडली, गाव निम्मं रिकामं झालं, आणि मग कधीतरी शहरातल्या लोकांना जुन्या डोंगरगावांचं वेड लागलं. आता सकाळपासून बसगाड्या येतात, माणसं धुक्यात फोटो काढतात, उंडे खातात, अळकुडीच्या गोळ्यांचे वाडगे रिचवतात आणि संध्याकाळच्या आत खाली उतरतात. शेवटची बस गेली की गल्ली अशी काही गप्प होते की कोणीतरी हाताने तोंड दाबलंय असं वाटावं. खाणीकडून वारा येतो तो तेव्हा. भर उन्हाळ्यातही तो गार असतो.

गेल्या हिवाळ्यात बोंगची ओल्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. मुलगी बीहुई खाली ताओयुआनला राहते. तिने निक्षून सांगितलं, "आई, पुरे झालं आता. माझ्याकडे चल."

बोंगचीने कधी नव्हे ते हो म्हटलं. पण घर सोडायचं तर पितरांच्या नावांची पाटी आणि उदबत्तीचं भांडं बरोबर न्यायला हवं, आणि पाटी हलवायची तर पितरांना विचारायला हवं. सासू हो म्हणाली. सासरा हो म्हणाला. सुईग्वान नाही म्हणाला. त्या दिवशी नाही, पुढच्या पौर्णिमेला नाही, त्याच्या पुढच्या अमावास्येला तर हसला.

"आई, लाकूड आहे ते," बीहुई वैतागून म्हणाली. "कसंही पडतं."

"मग तूच टाक."

बीहुईने टाकलं. दोन्ही पालथ्या. तिचा चेहरा जरा उतरला, पण हेका सुटला नाही. "ते नाही म्हणताहेत म्हणून तू इथे पडून मरणार?"

"त्याला मागे टाकून जाऊ?" बोंगची म्हणाली. "एकटा? या घरात?"

तिच्या उंड्यांच्या दुकानाच्या बाकावर म्हातारा हायसान बसला होता. सुईग्वानबरोबर एकाच पाळीत काम केलेला, छातीत कोळशाची धूळ साठून अर्धामुर्धा उरलेला. रोज एक उंडा फुकट खायचा आणि दोन तास गप्पा मारायचा. तो दम घेत घेत हसला.

"वहिनी, किमथो पहिल्यापासूनच असा अडेल. आतही एकदा नाही म्हणाला की नाही."

"किमथो माझे मोठे दीर. माझ्या नवऱ्याचं नाव सुईग्वान."

"ते घरात गं. आत आम्हाला तो किमथोच ठाऊक."

यात नवीन काही नव्हतं. थोरला भाऊ किमथो आधी खाणीत लागला होता. चार दिवस आत गेला, घाबरला, आणि कीलुंगच्या बंदरावर पळून मासेमारीच्या जहाजावर चढला. खाणीची नोकरी गेली असती तर खाणीने दिलेलं घरही गेलं असतं. धाकटा सुईग्वान तेव्हा कायद्याने आत जायच्या वयाचा नव्हता. तो थोरल्याचं ओळखपत्र घेऊन, थोरल्याच्या नावावर आत गेला. त्या काळी असं कितीतरी घरांत चालायचं. बोंगचीला हे माहीत होतं, पण त्याच्या पुढचा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता. तो आत्ता आला, आणि हातातलं पीठ हातातच राहिलं.

"हायसानदादा, त्याला बाहेर आणलं तेव्हा वाट सांगत होतं कोण?"

मेलेल्याला खाणीतून नुसतं उचलून आणत नाहीत. आत्मा बावरलेला असतो, अंधारात मागे राहतो. म्हणून एकाने पुढे चालत त्याच्या नावाने हाक मारत यायचं. आता उजवीकडे वळतोय. आता चढ आलाय. डोकं सांभाळ. बाहेर आलो बघ. असं प्रत्येक वळणाला सांगावं लागतं, तेव्हा तो मागोमाग येतो.

"मीच होतो," हायसान म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं.

"काय नावाने हाक मारलीस?"

हायसानने नजर रस्त्याकडे वळवली. रस्त्यावरून पिवळा झेंडा धरलेली एक पोरगी सहलीच्या म्हाताऱ्यांना हाकत घेऊन गेली.

"किमथो म्हणून," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी शवपेटीवर सुईग्वान असं नाव वाचलं तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं होतं, वहिनी. पण तू पोटुशी. तुला काय सांगू? मग सांगायचं राहूनच गेलं."

आणि त्याला तिथल्या तिथे सुधारणारं कोणी नव्हतं. पोटुशीने प्रेताच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नसतं, म्हणून बोंगचीला घरात कोंडलेलं. मुलगा आधी गेला तर आईने त्याला घ्यायला जायचं नसतं, म्हणून सासू भिंतीकडे तोंड करून बसलेली. सासरा त्याआधीच वारलेला, थोरला भाऊ दूर समुद्रावर. घरचं एकही माणूस खाणीच्या तोंडाशी नव्हतं. सगळ्यांनी सगळं रीतीप्रमाणे केलं, आणि नेमका त्यामुळेच तो आत राहिला.

बोंगची रडली नाही. तिला संताप आला. इतकी वर्षं ती रिकाम्या जागेपुढे पान वाढत होती. कौल नाही म्हणत होता तो हट्टाने नव्हे. जेवायला कोणी आलेलंच नव्हतं.

दिराला तिने त्याच दिवशी फोन लावला. किमथो आता ऐंशीच्या घरात, कीलुंगलाच राहणारा. खामतेंगहून तिथे जायला बसने तासही लागत नाही, पण भावाच्या पाटीला एकदा नमस्कार करून गेला तो परत कधी डोंगर चढला नव्हता. बोंगचीने सगळं सांगितलं. "भाऊजी, सख्ख्या भावाने हाक मारायला हवी. तुम्ही या."

किमथोने तिला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"आमच्या म्हाताऱ्यांची सहल येणार आहे तिकडे," तो म्हणाला. "त्यांच्याबरोबर येतो. एकटा नाही यायचो."

सहल आली त्या दिवशी धुकं इतकं होतं की समोरच्या दुकानाचे लाल कंदील तेवढे दिसत होते. सगळ्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या. त्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात वाकलेला तो किमथो. बोंगचीने त्याला आत घेतलं, शेजारच्या दुकानातून अळकुडीच्या गोळ्यांचा गरम वाडगा आणून पुढे ठेवला. त्याने चमचाही लावला नाही. बीहुईकडे बघून म्हणाला, "नाक बापाचंच."

"काका, खा की थोडं."

"चव लागत नाही गं मला. कित्येक वर्षं झाली."

मग त्याने सांगितलं. वाडग्याकडे बघत, हळू आवाजात.

"सुईग्वानला बाहेर आणलं त्या दिवशी आम्ही जाळं ओढत होतो. पाणी स्वच्छ, वारा नाही. मागून हाक आली. किमथो, उजवीकडे वळतोय. बोंगची, समुद्रावर मागून हाक आली तर ओ द्यायची नसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आवाज आपल्या डोंगराकडचा होता. माझ्या तोंडून गेलं, आलो."

हायसान बाकावरच्या बाकावर आक्रसला.

"तेव्हापासून दिवा विझवून झोपलेलो नाही. तोंडात कायम कोळशाची चव. बायको होती तेव्हा उशी धुऊन धुऊन दमायची, म्हणायची, अहो, उशीला काळं कसलं लागतंय? जहाजावर डोक्यावर एवढं आभाळ, आणि मला सारखं वाटायचं की छप्पर खाली येतंय." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "हाक मारतो मी. पण आतून मला हाक आली तर काय करू ते सांग. मी एकदा ओ देऊन बसलोय."

बोंगचीने हायसानच्या हातात त्याची काठी दिली. ते निघाले. पुढे काठी टेकत हायसान, मग किमथो, मग लंगडत बोंगची, शेवटी कौलाच्या चंद्रकोरी आणि उदबत्त्या घेतलेली बीहुई. माशांच्या गोळ्यांचं सूप विकणाऱ्याच्या मागून वाट जाते. खाणीच्या तोंडाला आता लोखंडी गज लावलेत आणि त्यापुढे फोटो काढायला लोक उभे असतात. एक जोडपं शेंगदाण्याच्या चिक्कीचा कीस घातलेलं आईस्क्रीम खात गजांना टेकून हसत होतं. हायसानने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तशी ती बाजूला झाली.

आतून गार वारा येत होता. त्याला ओल्या राखेचा वास होता.

बोंगची गजांपासून जरा अलीकडे, एका दगडाशी थांबली. खाण चालू असताना बायांनी इथवरच यायचं असा नियम होता. डबा द्यायला यायची तेव्हाही ती याच दगडाशी थांबायची. आता तिला अडवणारं कोणी उरलं नव्हतं, तरी पाय पुढे जाईना.

किमथोने उदबत्त्या लावल्या. बीहुईने त्या गजांपाशी खोवल्या. हायसानने डोळे मिटले आणि पार आतल्या टोकापासून वाट सांगायला सुरुवात केली. एकेक वळण तो सांगायचा आणि किमथो ते मोठ्याने आत ओरडायचा.

"सुईग्वान! उठ रे! डावीकडे वळ! सुईग्वान, चढ आला, डोकं सांभाळ! सुईग्वान, रूळ संपले, बाहेर ये!"

आवाज आत जात राहिला. परत आला तो फार उशिरा, आणि किमथोचा वाटला नाही.

बीहुईने कौल टाकला. दोन्ही पालथ्या. पुन्हा सगळी वाट सांगितली, पुन्हा टाकला. दोन्ही उताण्या.

"हसतोय," हायसान पुटपुटला.

"हसत नाहीये," किमथो म्हणाला आणि होता तिथेच खाली बसला. पिवळी टोपी घरंगळत गजांपाशी गेली. "त्याला निघता येत नाहीये. माझं नाव आत आहे ना. मी ओ दिली, म्हणजे मी आत गेलो. किमथो आत असेपर्यंत किमथोच्या जागी कामाला लागलेला माणूस बाहेर येईल कसा? मी पळालो तेव्हाच हे ठरलं. त्याला मीच आत घातलाय, बोंगची. तेव्हाही आणि नंतरही."

ऐंशी वर्षांचा माणूस रडायला लागला की बघणाऱ्याने कुठे बघावं कळत नाही. आईस्क्रीमवालं जोडपं केव्हाच निघून गेलं होतं. धुकं आता इतकं खाली उतरलं होतं की गजांच्या आत काय आणि बाहेर काय, सारखंच दिसत होतं.

तेव्हा बोंगचीने तो दगड ओलांडला.

लंगडत ती थेट गजांपाशी गेली, दोन्ही हातांनी गज धरले, आणि आतल्या अंधाराला अशी काही झापायला लागली की वर मुख्य गल्लीत लोक थांबले.

"अहो, ऐकू येतंय का? इतकी वर्षं पान वाढतेय मी! पोरगी मोठी झाली, तिला पोरं झाली! आई गेली तुमची, तिलाही तुम्ही दिसला नाहीत! कोणी चुकीचं नाव घेतलं म्हणून काय रुसून बसायचं? माझ्या बापाने तर माझं नावच चुकीचं ठेवलं, मी आले ना तरी? सुईग्वान, मी बोंगची बोलतेय. घरचं माणूस बोलतंय. बाहेर या!" तिचा श्वास संपला. मग ती वळून न बघता म्हणाली, "आणि किमथोभाऊजी, तुम्हीसुद्धा. तुम्हालाही कोणी बोलावलं नव्हतं. तुमचंही घर बाहेर आहे. या. दोघंही या. हायसानदादा, सांग वाट."

"दोघांना?"

"दोघांना!"

हायसानने सांगितली. खोकत, थांबत, प्रत्येक वळणाला दोन नावं घेत. आणि या वेळी प्रत्येक वळणाला किमथो, जमिनीवर बसल्या बसल्या, लहान मुलासारखं म्हणत गेला, "आलो. आलो. आलो." शेवटच्या चढाला त्याचा आवाज बसला होता. आतून येणारा वारा एकदम थांबला. बीहुई पुढे सांगायची की तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी अंगाला घासून गेलं, ओलं आणि घाई असल्यासारखं. तिने किंकाळी दाबली आणि कौल टाकला.

एक उताणी. एक पालथी.

घरापर्यंत बोंगची सुईग्वानला वाट सांगत गेली. एवढ्या वर्षांत गावाचं काय काय झालं ते त्याला कुठे ठाऊक? "इकडून या. पायऱ्या आहेत, ओल्या आहेत, मी पडले होते बघा इथे. इथे न्हावी होता ना? आता चहा विकतात. घाबरू नका, ही सगळी माणसं नुसती फिरायला आलीत, संध्याकाळी जातील. हा दगडी पूल, पुलावरून चाललोय आपण." पिवळ्या टोप्या, कॅमेरे, पिशव्या, सगळे तिला वाट देत भिंतीला लागून उभे राहिले. सूपवाल्याने टोपी काढून हातात घेतली. मागे किमथो चालत होता, हायसानला खांद्याचा आधार देत.

घरात पोचल्यावर किमथोने गार झालेला वाडगा पुढे ओढला आणि सगळा संपवला. "अळकुडी आहे ही," तो आश्चर्याने म्हणाला. झेंडेवाली पोरगी त्याला शोधत दारात आली, तर तो बाकावर बसल्या बसल्या झोपला होता. तिने दोनदा हलवलं. शेवटी बीहुईने त्याला मी सोडीन म्हणून सांगितलं आणि सहलीची बस त्याच्याविना गेली.

बीहुई पितरांपुढे उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो शब्द मोठ्याने उच्चारला. "बाबा. आईला मी घेऊन जाते. तुम्हीही चला. चालेल ना?"

चंद्रकोरी फरशीवर पडल्या, जराशा हलल्या आणि थांबल्या. एक उताणी, एक पालथी. पहिल्याच फटक्यात.

बीहुई रडत रडत हसली. तिने डोळे पुसले आणि पाटी गुंडाळायला आणलेलं लाल कापड पिशवीतून काढून झटकलं. "झालं! हो म्हणाले. आता उद्या सकाळीच निघू या. मी गाडी सांगते."

बोंगचीने तिच्या हातातून कापड घेतलं आणि घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवलं.

"आई, आता काय? हो म्हणाले ना ते!"

"म्हणाले. तुझ्यापुढे नाही कसं म्हणतील? पोरीला पहिल्यांदाच बघताहेत." बोंगचीने तांदूळ धुवायला घेतले. "पण ते आत्ता घरी आलेत गं. आजच. कामावरून आलेला माणूस आहे, दमलेला. त्याला आल्या पावली कुठे बाहेर काढू?"

"मग कधी निघायचं?"

बोंगचीने पाणी गाळून टाकलं, आणि रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेतलेत हे बघूनही ते कमी केले नाहीत.

"आधी त्यांना घरात राहू तर दे," ती म्हणाली.